ओढणीची गाठ

—न्हाई, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय मोडलाय, हिकडं चटईवर बसा. आन् घड्याळाकडं काय बघायलात सारखं? पाच वाजायला लई टाइम हाय. आल्या आल्याच सांगितलं ना तुमी — तिकडच्या सरांना फोन करून विनवण्या केल्या, त्यांनी तेजूचं जागा सोडायचं पत्र पुढं सरकवलंच न्हाई, आज पाचपर्यंत तिची पुढच्या शिक्षणाची जागा धरून ठिवलीय, तिनं नुसतं लिहून कळवायचं की मी यायलेय. ऐकलं मी. हात गेलाय माझा, कान न्हाई गेले. मग तेजूला सांगा! मला कावून सांगायलात? तेजू न्हाई घरी. माझ्या मालिशचं तेल संपलंय, ते आणायला घाटनांदूरला गेलीय. आन् तुमाला ते म्हाईत होतं, वाघमारे मॅडम. तिची स्कुटी फाट्याच्या पुढं गेलेली बघूनच तुमचा आटो आमच्या वस्तीत वळला. मला येडी समजू नका. लेकीला बाजूला ठिवून आईला गाठायचं — आई चौथी शिकलेली, कालिजातली मॅडम दारात आली की हुरळून जाईल, दोन गोड शब्दांत विरघळंल — असंच ना? न्हाई विरघळत. चहा घ्या. त्या थर्मासात हाय, तेजूनं करून ठिवलाय. ओतून घ्या तुमचा तुमी, मला एका हातानं झाकण फिरवता येत न्हाई.

हात बघायचाय ना? बघा की, त्यासाठीच तर आलात. हे बघा, असा हाय. ही तिची जुनी ओढणी, रोज सकाळी ती स्वतःच्या हातानं बांधती, मागं गाठ मारती, मग दुसऱ्या कामाला लागती. सहा वर्षं शाळेत खिचडी शिजवली मी, दीडशे लेकरांची, एका दिवसाचा खाडा न्हाई — आन् आषाढात त्या शाळेच्या ओट्यावरून पाय घसरला, पातेलं वाचवाय गेले आन् सगळी खांद्यावर आले. डावा हात नुसता लोंबायला लागला. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिनंच नेलं, डाक्टर म्हणले नस दबलीय, हळूहळू येईल, जड उचलू नका. ते हळूहळूच चालू हाय अजून. खिचडीचं काम गेलं मनकर्णाकडं — माझी जाऊच हाय ती, ह्या शेजारच्या घरातली — तिला तांदळात पाणी किती घालावं ते कळत न्हाई, लेकरं अर्धं ताट तसंच ठिवून उठायलीत म्हणं. ऐकून जीव तुटतो माझा. आता तुमीच सांगा, कोणती बाई स्वतःच्या हातातलं काम असं दुसरीला देईल? मला हौस हाय का?

आन् तिला जाऊ नको असं कोणीच म्हणलेलं न्हाई, हे पयलं ध्यानात घ्या. तिचा बाप तर हिथं असतोच कुठं — आश्रुबाला कारखान्यावर राखणदाराचं काम हाय, तिकडं कोल्हापूरकडं, दिवाळीला येतो आन् पाडव्याला येतो, फोनवर काही इचारलं की म्हणतो तुमी दोघी ठरवा. मी एका शब्दानं अडवलं न्हाई तिला. मी म्हणलं, जा बाई, माझं काय एवढं. मनकर्णानं आणून दिलं तर खाईन, न्हाई दिलं तर पाणी पिऊन झोपीन. घागर उचलणार न्हाई, पण तांब्या तर उचलंल ह्या एका हातानं. रात्री काही झालं तर वरडीन, कोणी ना कोणी ऐकंलच. एवढंच म्हणलं. हे म्हंजे अडवणं झालं का? आईनं एवढंसुदीक बोलू नये?

तिचं तिनं ठरवलं. आठ दिवसांखाली, तिथं, तुमच्या मागं जो उंबरा हाय ना, तिथं बसून मोबाइलवर इंग्रजीत लिहिलं, आन् मला मराठीत वाचून दाखवलं — की मिळालेली जागा मी कौटुंबिक कारणामुळं सोडायलेय. मी म्हणलं, कौटुंबिक म्हंजे कोण गं? तर म्हणली, तू. आन् बटण दाबलं. ना रडली, ना आदळआपट केली. उठली, गॅस पेटवला आन् भाकरी टाकल्या. त्या भाकरी! एक जाड, एक फाटलेली, एकीच्या मधीच पीठ कोरडं. तुमच्या कालिजात तीन वर्षं काय काय शिकली, पण भाकरी काही येत न्हाई पोरीला. मी गप खाल्ली. एका हातानं भाकरी मोडताना लई त्रास होतो, तर तिनंच तुकडे करून दिले.

आन् तुमी — तुमीच हे सगळं लावून दिलं. न्हाई म्हणू नका. फारम कोणी भरला? तुमी. परीक्षेला लातूरला कोणी नेलं? तुमी. माझ्या लेकीला दगडमातीच्या शास्त्राचं येड कोणी लावलं? ती आपली आमच्यात बसायची, मनकर्णाच्या पोरींसंगं टीव्ही बघायची, आन् मग बघता बघता दगड गोळा करायला लागली. घरात दगड! खिडकीत बघा, हायेत अजून. मी फेकून देत न्हाई, ती वरडती. मी इचारलं, बाई, हे शिकून करणार काय? तर म्हणली, आई, जमिनीखाली पाणी कुठं हाय ते सांगता येतं. मी म्हणलं, मग आपला सटवा पाणाड्या काय करतो? तळहातावर नारळ धरून रानात फिरतो, नारळ उभा राहिला की सांगतो हिथं पाडा बोर. त्याला का उत्तरेच्या डोंगरात जाऊन थंडीत गोठावं लागलं? दोन दिवस, दोन रात्री रेल्वेत बसून जायचं तिकडं. तिथल्या माणसांची बोली कळत न्हाई, खाणं कळत न्हाई. आजारी पडली तर कपाळावर हात कोण ठिवणार, तुमी?

बरं, सटव्याचं म्हणाल तर — गेल्या वर्षी उन्हाळ्यात शाळेची बोर त्यानं सांगितलेल्या जाग्यावर पाडली, निसता फुफाटा निघाला. मला खिचडीसाठी पाणी आणाय लागायचं पार खालच्या विहिरीवरून, डोक्यावर, रोज. मग ही गेली हेडमास्तरकडं. तीन दिवस शाळेमागं हिंडली, खडक बघितला, वहीत काय काय काढलं, आन् सांगितलं, त्या चिंचेच्या पल्याड, पडक्या भिंतीपाशी. सगळे हसले. सटवा तर म्हणला, पोरीला लागीर झालंय. आन् लागलं की पाणी! लागलं! असं उसळून वर आलं, मशीनवाला भिजला, लेकरं नाचायला लागली, मी खिचडीचा डाव हातात घेऊन तशीच पळत गेले. गोड पाणी हो, मॅडम. वर्षभर त्याच पाण्यात खिचडी शिजवली मी, पाणी घालताना दर वेळी मनात म्हणायचे, हे माझ्या तेजूचं. जाऊ द्या. ते काही तुमाला सांगायचं न्हवतं. एक बोर लागली म्हणून काय लेकीला दुनियेच्या टोकाला पाठवायची?

तुमाला काय हो त्याचं. तुमच्या कालिजाच्या भिंतीवर तिचा फोटो लागंल, तुमचं नाव होईल. माझ्या घराला कुलूप लागंल. आन् तुमच्या घरात किती माणसं हायेत, सांगता का? मला म्हाईत हाय. तेजूनंच सांगितलंय. तुमचा ल्योक कुठंतरी परदेशात, दोन वर्षांतून एकदा येतो, तुमचे मालक वारले, आन् तुमी त्या अंबाजोगाईच्या तीन खोल्यांत एकट्या. दारात चप्पल एकाच माणसाची. संध्याकाळी टीव्ही लावून ठिवता, आवाज असावा म्हणून — हे पण तिनंच सांगितलं, लई कळवळून सांगत होती. तुमी स्वतः असं बसलात आन् आता मलाबी तसंच बसवायचंय, म्हंजे तुमच्या जोडीला एक झाली. वाईट वाटलं? वाटू द्या. मी बोलावलं न्हवतं तुमाला.

बसा. उठू नका. एवढ्यात कुठं निघालात? तोंडावरून दिसतंय, सकाळपासून पोटात काही न्हाई तुमच्या. दुष्मन असला तरी माझ्या दारातून उपाशी गेलेला न्हाई, आन् उद्या तुमी कालिजात सांगाल, वनमालानं नुसता चहा दिला, तोबी मीच ओतून घेतला. पिठाचा डबा द्या तो. खालचा — ज्वारीचा. परात तिथंच, दाराआड. मळायला एक हात पुरतो. थापायला तेजू येईलच, तोवर मळून ठिवते. पाणी वता. बास बास.

काय म्हणलात? तेजू तुमच्याशी कधी खोटं बोलली न्हाई? बरं. आता ऐका, तुमची तेजू किती खरी हाय ते मी सांगते. लहानपणी लई नाटकी होती ती. आमी तवा ऊस तोडायला जायचो. ह्या वस्तीतली सगळीच जायची. तुमाला ठावं असंल, नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला कोणी घेत न्हाई. तो तोडणार, मी मोळ्या बांधणार, टरकात चढवणार. दसरा झाला की मारुतीपाशी टरका लागायच्या, पेट्या, भांडी, शेरडं, सगळं वर चढायचं, आन् पाडव्याच्या आगंमागं परत यायचं. सहा महिने. तेजूला शाळा होती, तिला ठिवायचो सासूपाशी, बायनाबाईपाशी. अकरा वर्षं. तुमी हिशेब करा, लेकीच्या बालपणातलं अर्धं तर मी बघितलंच न्हाई. दात पडले तवा न्हवते. पोहायला शिकली तवा न्हवते. पयल्यांदा पाळी आली तवा मी तिकडं फडात होते आन् तिला म्हातारीनं समजावलं. पाडव्याला मी आले तर ही माझ्यापेक्षा टाचभर उंच, आन् माझ्याकडं बघती पाहुण्या बाईकडं बघावं तशी. मी म्हणलं, ये की गं. तर म्हातारीच्या मागं उभी राहिली.

तर नाटक सांगत होते — सात वर्षांची असंल. टरक लागली, आन् ही अंथरुणातून उठंना. म्हणं ताप आलाय. आई, ताप आलाय, नको जाऊ. मी हात लावून बघितला तर अंग खरंच जरा गरम. म्हणलं आता काय करावं. मुकादम तिकडून हाका मारायला लागला. मी तिला उचलून घेतली आन् नाकाला वास आला. कांद्याचा. तो तवा गॅसवर ठिवा तेवढा, मॅडम, तापू द्या. तर बगलंत कांदा! कोणीतरी शाळेत सांगितलं असणार, बगलंत कांदा धरून झोपलं की ताप येतो. रात्रभर धरून झोपलती ती. एवढंसं लेकरू. बगल लाल झाली होती. मी कांदा काढला. ती माझ्याकडं बघायली, मी तिच्याकडं. मला कळलंय हे तिला कळलं. आन् मी — काय करणार होते मी, सांगा ना? आश्रुबा एकटा जाऊन करणार काय? मी कांदा पिशवीत टाकला, तिला म्हातारीच्या हातात दिली आन् चढले टरकात. मागं बघितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी सांजच्याला फडावरच्या पाचटाच्या कोपीपुढं चूल मांडली, पिशवीत हात घातला तर तोच कांदा हाताला आला. चिरला. कालवणात टाकला. सगळ्यांनी खाल्लं. मीबी खाल्लं. काय, टाकून द्यायचा होता का?

ही ओढणी एक मधीमधी यायलीय पिठात — थांबा — हां, आता कसं मोकळं झालं. तर मी काय म्हणत होते, तुमचं लेकरू तुमच्या डोळ्यापुढं वाढलं, तुमाला कळायचं न्हाई. म्हातारी वारली, मग मी कोयता सोडला, शाळेत खिचडी धरली, आन् तवापासून माझी लेक मला मिळाली. सहा वर्षं. पयली दोन तर ती माझ्याशी नीट बोलायचीच न्हाई, तुमी म्हणायची मला. आईला तुमी! मग हळूहळू यायला लागली. डोक्याला तेल लावून घ्यायला लागली. कालिजातून आली की दप्तर टाकून हिथं, परातीपाशी बसायची आन् दिवसभराचं सांगायची, आन् मी अशा — अशा थापत बसायचे, तिला पातळ लागती, कडा पार पातळ, मधी जरा जाड, आन् अशी दोन्ही हातांवर उचलली का अलगद टाकायची तव्यावर, वरून पाण्याचा हात — हा असा — सगळीकडं फिरला पायजे, न्हाई तर फुगत न्हाई. बघा, बघा कशी सुटायली कडंनं. एक मिनिट, पलटते. फुगली! ह्याला म्हणतात भाकरी. घ्या, ताट पुढं करा. घ्या की. गरम हाय तोवर — काय झालं? काय बघायलात एवढं?

…

हां.

…

गॅस बारीक करा. जळंल.

आता बघितलंच तर बघा नीट. हा डावा, हा उजवा. दोन्ही चालू हायेत. झालं समाधान? जावा, सांगा सगळ्या अंबाजोगाईला. पण पयले आठ दिवस खरे होते. माझ्या आईची आन् लेकीची, दोघींची शपथ — आठ दिवस खरंच मेला होता हात, सुई टोचली तरी कळत न्हवतं, तिनं मला न्हाऊ घातलं, वेणी घातली, साडी नेसवली, लहान लेकरावानी. नवव्या दिवशी सकाळी ती न्हाणीत होती, मी हिथं बसलेले, त्या फळीवरून कप घरंगळला आन् मी तो झेलला. ह्या हातानं. झेलल्यावर कळलं, अरे, हा तर चालला! मी वरडले, तेजे! तेजे! तशीच पळत आली ती, केसातून पाणी गळत होतं, घाबरलेली, काय गं आई, काय झालं? आन् तिच्या मागं कोपऱ्यात तिची बॅग. भरलेली. वर दोरी बांधलेली. मला सांगायचं होतं हो! तोंड उघडलंतं सांगायला. आन् तोंडातून निघालं, पाणी दे. तिनं पाणी दिलं. मी उजव्या हातानं प्यायले.

मग दुसऱ्या दिवशी सांगू म्हणलं. मग तिसऱ्या. मग ती रोज सकाळी ओढणी बांधायची, तिचा श्वास मानंला लागायचा, इचारायची, आई, घट्ट झालं का? — आन् मी म्हणायचे, न्हाई, बरं हाय. मला लाज वाटत न्हाई असं समजू नका. वाटती. खिचडीचं काम सोडलं मी त्यापायी, चांगला हात असून. ती बाहेर गेली की सोडायचे, घर झाडायचे, भांडी घासायचे हळूच, कधी एखादी भाकरी थापायचे आन् गरम गरम खाऊन टाकायचे चोरावानी, आन् ती यायच्या आत पुन्हा गाठ मारून गळ्यात अडकवायचे. म्हणायचे, जागा एकदा दुसऱ्याला गेली की मग सांगू, की बघ, आला गं हात. आज पाच वाजल्यावर सांगणारच होते मी. खरंच. पाच वाजले की. आन् तुमी चार वाजता येऊन बसलात.

सांगणार का तिला? सांगा. तिचं मन मोडंल तर मोडू द्या, तुमचं काय जातं. माझी लेक मला पुन्हा तुमी म्हणायला लागंल, मग तुमी खूश व्हा. — काय? मान कावून हलवायलात? सांगायची गरज न्हाई म्हंजे? 

काय म्हणलात?

पुन्हा म्हणा.

…तिला ठावं हाय? कधीपास्नं? पत्र लिहिलं त्याच्या आधीपास्नं? खोटं. कशावरून? तिनं तुमाला सांगितलं, काल, फोनवर — काय सांगितलं? गाठ? ती सकाळी दुहेरी गाठ मारती, डाव्या अंगाला, आन् सांजच्याला येऊन बघती तर गाठ एकेरी. मधोमध. मला… मला तशीच येती. मोळी बांधायची गाठ. अकरा वर्षं तीच बांधली. माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

म्हंजे ती रोज बघत होती. रोज सोडून पुन्हा बांधत होती. घट्ट झालं का इचारत होती. आन् मी म्हणत होते बरं हाय. बाई गं. मग तोंड कावून शिवलंतं तिनं? भांडायचं माझ्याशी! हात धरून वढायचा, म्हणायचं, खोटारडे, सोड हे नाटक! जायचं निघून! भरलेली बॅग होती! कोणी धरलंतं तिला? मी तर कांदा बघितला आन् गेलेच ना टरकात चढून! हिनं कावून जाऊ नये मग? हिनं कांदा बघून बॅग कशापायी सोडली?

काय म्हणली ती तुमाला? एकदाच सांगा. नीट सांगा. — "ती गाठ मी सोडणार न्हाई, आईनंच सोडायची." एवढंच? आन् मी न्हाई सोडली तर? तर राहणार हिथं, जाड भाकरी करत, जन्मभर, तोंडातून शब्द न काढता? लई मोठी झाली! आईवर उपकार करायला निघाली! मला न्हाई पायजेत तिचे उपकार. आन् तुमची मेहरबानी बी नको. दोघी मिळून मला येड्यात काढायलात. मला राग आलाय, मॅडम, लई राग आलाय, कोणाचा ते मला इचारू नका.

गप! ऐका.

स्कुटी. वळणावरच्या बाभळीपाशी हॉर्न देती ती, शेळ्या बसतात तिथं. तीच हाय. ती ओढणी द्या हिकडं — तुमच्या मांडीखाली गेलंय टोक, उठा जरा — द्या! बांधा. माझे हात पिठाचे हायेत, तुमी बांधा. डाव्या अंगाला, दुहेरी, ती मारती तशी. बांधा की! असं काय बघायलात माझ्याकडं? तुमचा ल्योक जायला निघाला तवा तुमी काय केलंतं, सांगा, तुमी काहीच केलं न्हवतं? एक दिवसबी डोकं दुखलं न्हाई तुमचं? मग बांधा ना, पाया पडते —

…न्हाई. राहू द्या. ठिवा ती खाली.

किती वाजले? साडेचार. बरं.

उठा तुमी. जेवणबिवण काही न्हाई आता. ही भाकरी घ्या हातात आन् मनकर्णाच्या ओट्यावर जाऊन बसा, तिला म्हणा वनमालानं थापलीय, दोन्ही हातांनी, आन् उद्यापास्नं तांदळाला हात लावू नको म्हणा. उठा म्हणलं ना! आमच्या मायलेकीच्या मधी कशाला बसायलात? तिला लिहायचं असंल तर ती लिहील, तिचा मोबाइल तिच्यापाशी हाय, तुमी शिकवायची गरज न्हाई. चपला घाला. आन् दार लोटू नका. सताड उघडं ठिवा. मला अजून तीन भाकरी थापायच्या हायेत. तिला दारातूनच दिसू द्या.